खरं सांगू, की चांगलं?

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीकडे गेले होते. तिचे वडील पाळक होते. चाळीस वर्षं खेडोपाडीच्या मंडळ्यांसाठी सायकल मारत हिंडले. त्यांना जाऊन वर्ष होत आलं म्हणून घरच्यांनी एक छोटी स्मरणिका काढायचं ठरवलं होतं. मैत्रीण वही-पेन घेऊन आईसमोर बसली होती. ‘‘आई, पप्पांच्या आठवणी सांग ना.’’ मावशी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘खरं सांगू, की चांगलं सांगू?’’

आम्ही दोघी हसलो. पण मला पटकन लक्ष्मीबाई टिळक आठवल्या.

‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आपल्यापैकी अनेकींना शाळेत होती. तिचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाईंचे यजमान. कोकणातल्या ब्राह्मण घरातला हा माणूस. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढचं सगळं आयुष्य ख्रिस्ताच्या सेवेत घातलं. तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं, ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग सांभाळला. भजन, अभंग, कीर्तन या आपल्या मातीतल्या वाटांनी ख्रिस्त सांगितला. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि ९ मे १९१९ रोजी गेले. हे झालं चरित्रकोशातलं.

त्यांचा मुलगा देवदत्त, घरातला दत्तू. वडिलांचं चरित्र लिहावं असं त्याच्या मनात आलं. त्यासाठी त्याने आईला म्हटलं, तुझ्या आठवणी लिहून दे. आई शाळेची पायरी न चढलेली. लग्न झालं तेव्हा अकरा-बारा वर्षांची. लिहायला-वाचायला शिकली ती टिळकांच्याच हाताखाली. ती लिहू लागली. ‘संजीवनी’ साप्ताहिकात ते येत गेलं आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने भागाभागाने निघालं. झालं काय, तर वडिलांच्या चरित्राचा कच्चा माल म्हणून मागितलेलं लेखन मराठीतलं एक थोर आत्मचरित्र होऊन बसलं!

का? तर बाईंनी ‘चांगलं’ लिहिलं नाही, खरं लिहिलं. टिळकांचा राग लिहिला, लहर लिहिली, न सांगता घराबाहेर पडणं लिहिलं. हातात पैसा आला की कुणाला तरी देऊन मोकळं व्हायची सवय लिहिली. घरात सदैव आणखी चार पोरं असायची. बालकवी ठोंबरेही त्यांच्याकडे मुलासारखेच राहिले. त्या पोरांच्या पानात काय वाढायचं, ही काळजी अर्थातच बाईंची.

आणि ते सगळ्यात मोठं दुःख. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा दत्तू अगदी लहान. त्याला घेऊन बाई माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरात. नवरा जिवंत आहे आणि संसार नाही, लोकांच्या नजरा आहेत. हे आज वाचतानाही पोटात कालवतं. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळंओवळं पाळत राहिल्या. मग एकदा राहुरीच्या वाटेवर मनात आलं, की जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हे. तिथून पुढे कुणाच्याही हातचं खायला त्या तयार झाल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे मुकाट चालत गेलेली ही बाई नव्हे. पोचली ती आपल्या पायांनी, आपल्या वेळेला.

मला नेहमी वाटतं, एवढं सोसलेल्या बाईच्या लेखणीला कडवटपणा यायला हवा होता. पण ती नवऱ्याला हसते, त्याहून जास्त स्वतःला हसते. आणि टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे मोठं काव्य अपुरं राहिलं, तर तिनेच साठाहून अधिक अध्याय लिहून ते पुढे नेलं. भांडणंही लिहिली आणि कामही ओढलं. २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग अपुरा होता. तो पुरा केला देवदत्तने. पुढे नातू अशोक टिळक यांनी त्या पुस्तकाची नवी आवृत्ती सिद्ध केली. वडिलांच्या सेवेचं स्मरण करायला निघालेल्या या घराने आईचे शब्द जपले, हे मला फार मोलाचं वाटतं.

मैत्रिणीला मी हे सगळं तिथेच सांगितलं. ती जरा घुटमळली. स्मरणिका मंडळीत वाटायची, लोक काय म्हणतील? मावशींनी ताट बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले.

‘‘लिही,’’ म्हणाल्या. ‘‘नाताळची उपासना होती. घरात साखर नव्हती, आणि तुझ्या पप्पांनी अकरा माणसं जेवायला आणली होती.’’

मैत्रिणीने पेनाचं टोपण काढलं.