बायपोलर आणि न विचारलेलं बालपण

१८९९ मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी उन्माद आणि नैराश्य यांना एकाच आजाराच्या छत्राखाली आणलं. आज आपण त्याला बायपोलर म्हणतो. त्यांचा भर आनुवंशिकतेवर होता. पुढे १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांना उन्मादावर लिथियमचा गुण दिसला आणि कितीतरी घरांना उसंत मिळाली. पण गोळी लागू पडत गेली, तसा रुग्णाच्या लहानपणाचा विषय मागे पडत गेला.

तो पुन्हा पुढे आला अलीकडे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, लहानपणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना हा आजार लवकर जडल्याचं, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्नही जास्त असल्याचं दिसलं. २०१६ मध्ये १९ अभ्यास एकत्र तपासले गेले. सर्वांत ठळक संबंध निघाला तो भावनिक छळाशी. बायपोलर रुग्णांनी तो सोसलेला असण्याची शक्यता निरोगी लोकांच्या तुलनेत सुमारे चौपट. मला हा आकडा फार अस्वस्थ करतो. ‘तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही’, ‘जन्मालाच कशाला आलास’ अशी वाक्यं रोज ऐकणाऱ्या मुलाच्या अंगावर वळ उठत नाहीत. ‘हात तर कधी उगारला नाही ना!’ म्हणत घर मोकळं होतं.

अशा बालपणाचा माग या आजारातल्या उतावळेपणातही लागतो. रात्री दोन वाजता मोबाइलवरून कर्ज काढणं, तिरीमिरीत राजीनामा देणं, बेफाम गाडी हाकणं हे उन्मादाच्या काळात घडतं, हे ठाऊक होतं. मात्र मनःस्थिती स्थिर असतानाही हा उतावळेपणा पुरता ओसरत नाही, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत उमगलं. बालपणी जास्त सोसलेल्यांमध्ये तो अधिक असल्याचंही अनेक अभ्यासांत आढळलं. सतत धास्तीत वाढलेल्या मुलाला थांबून विचार करायची सवय लागणार तरी कधी?

यातले बहुतेक अभ्यास रुग्णांच्या आठवणींवर बेतलेले आहेत, आणि आनुवंशिकतेचा वाटा आजही मोठाच मानला जातो. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या आईवडिलांना दोषी धरणं अन्यायाचं ठरेल. पण लहानपणाबद्दल न विचारता केलेला उपचार अपुरा आहे, असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही सांगा. औषधं मनानं बंद करू नका. आणि बोलायला कुणीच नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.