टोकाचे शब्द

एखादा पदार्थ मनासारखा जमला कीं हल्लीं घरांतील मुलें "अल्टिमेट!" म्हणून मोकळीं होतात. सोलकढी अल्टिमेट, आंबा अल्टिमेट, आणि कालचा क्रिकेटचा सामना तर 'एकदम अल्टिमेट'. घरांतील आजीबाईंना या शब्दाचा अर्थ कळत नाहीं असें मुळींच नाहीं. त्यांची शंका निराळीच असते. रोजच्या सोलकढीलाच हा शब्द खर्ची पडल्यावर उद्यां मुंजीच्या पंगतीला मुलें काय म्हणणार? ही शंका आम्हांस हंसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाहीं. परमोच्च स्थिति दाखविणारे शब्द कोठून येतात, वापरून वापरून बोथट कसे होतात आणि मग लोक त्यांना नवी धार कशी लावतात, हा इतिहास इंग्रजींत आहे तसाच आपल्या भाषेंतही आहे. किंबहुना या दोन्ही इतिहासांचें मूळ कांहीं अंशीं एकाच घरांत आहे.

प्रथम या 'अल्टिमेट'चेंच कुळ पाहूं. लॅटिन भाषेंत 'उल्टिमुस' म्हणजे सर्वांत पलीकडचा, ज्याच्या पुढें दुसरें कांहींच उरलें नाहीं असा. एका राष्ट्रानें दुसऱ्यास धाडलेल्या निर्वाणीच्या खलित्याला 'अल्टिमेटम' म्हणतात तें याचमुळें. त्यानंतर बोलणें संपतें. या हिशेबानें सोलकढी एकदां अल्टिमेट ठरली कीं दुसरी वाटी मागण्याची सोयच राहत नाहीं. पण मुलें ती मागतात, आणि दुसरीलाही तोच शब्द लावतात!

शब्दांचीं अशीं कुळें शोधण्याची दृष्टि महाराष्ट्रांत ज्यांच्यामुळें रुजली त्यांतील दोन थोर पुरुष आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या भूमींतले होते, हें आमच्या पुष्कळ वाचकांच्या ध्यानांत नसेल. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ सालीं खुद्द मालवणांत झाला. संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या भाषा यांवर त्यांनीं १८७७ सालीं मुंबईस विल्सन व्याख्यानमालेंत जीं व्याख्यानें दिलीं, त्यांनीं या देशांत भाषाशास्त्राचा पाया घातला म्हटलें तरी चालेल. दुसरे वामन शिवराम आपटे. ते १८५८ सालीं तेव्हांच्या सावंतवाडी संस्थानांत बांद्याच्या बाजूस जन्मले. त्यांना आयुष्य उणेंपुरें चौतीस वर्षांचें लाभलें. पण १८९० सालीं निघालेला त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश अजून विद्यार्थ्यांच्या हातीं आहे. या दोघांनीं घालून दिलेल्या वाटेनेंच आपण चार पावलें जाऊं.

इंग्रजींत 'अटमोस्ट' म्हणून एक शब्द आहे. अर्थ, शक्य तेवढा, अगदीं शेवटचा. यांतील 'मोस्ट' म्हणजे 'सर्वांत अधिक' असें कोणासही वाटेल, व इंग्रजांनाही तसेंच वाटत आलें आहे. पण तें खरें नव्हे. जुन्या इंग्रजींत या शब्दाचें रूप 'ऊटमेस्ट' असें होतें. त्यांतील 'ऊट' म्हणजे बाहेर, आणि तो आपल्या 'उत्' या उपसर्गाचा सख्खा भाऊ. मधला 'म' हा आपल्या 'परम', 'अधम', 'मध्यम' या शब्दांच्या शेवटीं बसलेला 'म'. शेवटचा 'एस्ट' तर ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतील 'इष्ठ'च होय. म्हणजे 'अटमोस्ट' या एका शब्दांत सर्वाधिक्य दाखविणारे दोन प्रत्यय एकावर एक बसले आहेत. संस्कृतानें त्याच 'उत्'ला 'तम' लावून 'उत्तम' केला. फरक इतकाच, कीं संस्कृत बोलणारे वर पाहत राहिले, म्हणून त्यांचा उत्तम तो सर्वांत उंच; इंग्रज बाहेर पाहत राहिले, म्हणून त्यांचा अटमोस्ट तो सर्वांत बाहेरचा. आमच्या घरांतील 'उत्तम' चहा आणि इंग्रजाचा 'अटमोस्ट' प्रयत्न हे असे दूरचे भाऊबंद आहेत.

दोन प्रत्यय कशाला लागले? पहिला झिजला म्हणून. 'म' या अक्षरांतील 'सर्वांत' हा अर्थ लोकांच्या कानांतून गेला, तेव्हां त्यावर 'एस्ट' चढविला. पुढें तोही पुरेना, म्हणून 'अधिक बाहेरचा' या अर्थाच्या 'अटर' शब्दालाच 'मोस्ट' जोडून 'अटरमोस्ट' केला. 'फोरमोस्ट' या शब्दाची कथा अशीच आहे. जुना 'फोर्म' म्हणजेच 'पहिला'. त्याला पुन्हां 'एस्ट' लावला, म्हणजे 'पहिल्यांतला पहिला' झाला. यावर हंसण्यापूर्वीं आपल्या घरांत डोकवावें. 'श्रेष्ठ' म्हणजेच सर्वांत चांगला. त्याला 'तम' लावून 'श्रेष्ठतम' म्हणणें वैयाकरणांच्या दृष्टीनें अनवश्यक. पण हा शब्द शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रांत आहे, तेव्हां त्यास अशुद्ध म्हणण्याची कोणाची छाती? आमच्या सभांतून हल्लीं 'सर्वांत श्रेष्ठतम' असेंही ऐकूं येतें. तिसरा थर चढला तो असा.

मराठींतील शब्दांपैकीं आम्हांस सर्वांत गोड वाटतो तो 'पराकाष्ठा'. काष्ठ म्हणजे लाकूड, तेव्हां पराकाष्ठा म्हणजे कांहींतरी लांकडासारखी कठीण गोष्ट, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः येथें शब्द 'काष्ठा' असा स्त्रीलिंगी आहे. ऋग्वेदकाळीं काष्ठा म्हणजे रथांच्या शर्यतीचें मैदान, आणि त्या मैदानाच्या शेवटची खूण. घोडे जेथवर पळायचे ती काष्ठा. त्यावरून ती सीमा झाली. कठोपनिषदांत तर ज्याच्या पलीकडे कांहीं नाहीं अशा पुरुषालाच काष्ठा म्हटलें आहे. ज्यांच्या घरीं अमरकोश पाठ होत असे, त्यांना काष्ठा म्हणजे दिशा हेंही ठाऊक असेल, आणि अठरा निमेषांची एक काष्ठा हें कालमापनही. तेव्हां 'प्रयत्नांची पराकाष्ठा केली' असें आपण म्हणतों, त्या वेळीं नकळत एका जुन्या रथाची धूळ आपल्या वाक्यांतून उडत असते.

मौज ही, कीं अरबींतून फारसीच्या वाटेनें आलेल्या 'शर्थ' शब्दाचा प्रवासही याच मैदानावरून झाला आहे. मूळ अर्थ अट किंवा पैज. 'शर्यत' हीही त्याच शब्दाची लेक मानली जाते. पैजेला लागलेला मनुष्य जसा झटतो तशी झटापट, ती शर्थ. 'शिकस्त' याहून विलक्षण. फारसींत शिकस्त म्हणजे मोडलेलें, पराभव. मराठानें मात्र हाडें मोडेपर्यंत केलेल्या श्रमाला शिकस्त म्हटलें, आणि पराभवाचा शब्द पुरुषार्थाच्या पंक्तीला बसविला. 'कमाल' म्हणजे अरबींत पूर्णता. आज ती वेधशाळेच्या तपमानांत आणि जमीनधारणेच्या १९६१ च्या कायद्यांतही नांदते आहे. 'हद्द' म्हणजे कड, सीमा, "हद्द झाली बाई!" हें आजीबाईंचें वाक्य आणि इंग्रज गृहिणीचें 'लिमिट' हीं एकाच चालीचीं आहेत, कारण 'लिमिट'ही लॅटिनमधील शेताच्या बांधावरूनच निघाला.

हे परके शब्द असावेत कीं नसावेत, हा वाद जुना आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंडितांनीं राजव्यवहारकोश रचिला तो फारसी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द देण्यासाठींच. विसाव्या शतकांत सावरकरांनीं तें निशाण पुन्हां उभारिलें. माधवराव पटवर्धनांनीं तर १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. या मंडळींचा हेतु आम्ही आदरणीय मानतों, व कचेरीच्या भाषेंत त्यांचा उपकार मोठा आहे. परंतु टोकाच्या शब्दांपुरतें आमचें मत निराळें आहे. पराकाष्ठा, शर्थ, शिकस्त, कमाल यांच्या छटा एक नाहींत. शर्थींत ईर्षा आहे, शिकस्तींत थकवा आहे, पराकाष्ठेंत भारदस्तपणा आहे. एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. शिवाय परका शब्द हद्दपार करावयास निघालें तरी 'हद्द' लागतेच! आणि खरा धोका शिकस्तीकडून नाहींच. या चारही शब्दांचें काम एकट्या 'अल्टिमेट'वर टाकल्यानें चौघांनाही घरीं बसावें लागतें, धोका आहे तो तेथें.

मराठी मनाची भौगोलिक हद्द मात्र अटक. सिंधु नदीपलीकडे जाऊं नये हा निर्बंध, आणि १७५८ सालीं मराठी फौजा तेथवर पोंचल्या हें अभिमानाचें स्मरण. दोन्ही मिळून 'अटकेपार' हा शब्द झाला. आज एखादी मुलगी परदेशीं पदवी मिळवून आली तरी तिनें झेंडा अटकेपारच लावलेला असतो. सिंधु म्हणजे नदी तसा समुद्रही. समुद्रोल्लंघनास शास्त्री मंडळी दोष देत, त्याच काळांत, १६६४ सालीं, मालवणसमोरच्या कुरटे बेटावर महाराजांनीं सिंधुदुर्गाचें काम सुरू केलें. तरीही समुद्रावरून आमच्या ग्रांथिक भाषेनें टोकाचा शब्द असा क्वचितच घेतला. बहुतेक घेतले ते देवळाच्या कळसावरून, शेताच्या कडेवरून, शर्यतीच्या मैदानावरून.

इंग्रजांचें तसें नाहीं. अखेरपर्यंत झुंजणें या अर्थीं ते 'बिटर एंड'पर्यंत असें म्हणतात, आणि बहुतेकांस तें 'कडू शेवट' असें वाटतें. बायबलांतील कडू शेवटाच्या एका वचनाचा रंग त्यावर चढला असेलही. परंतु गलबताच्या नाळेकडील ज्या खुंटांना नांगराचा दोर वेढतात त्यांना 'बिट' म्हणतात, आणि दोराचें जें टोक खुंटाशीं, गलबतांतच राहतें तें 'बिटर'चें टोक. कॅप्टन जॉन स्मिथ यानें १६२७ सालच्या आपल्या नौकाविद्येच्या पुस्तकांत याचा खुलासा केला आहे. दोर त्या टोकापर्यंत सोडला गेला म्हणजे पुढें सोडण्यास कांहीं उरत नाहीं. आपल्याकडील दोर मात्र गडावरचा. 'परतीचे दोर कापले' असें आपण म्हणतों तें सिंहगडाच्या कथेवरून.

मालवण, देवबाग, वेंगुर्लें येथील तांडेल आणि खलाशी यांच्या तोंडीं नांगर, दोर, शीड, वारा यांचे शब्द पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. कर्लीच्या मुखाशीं देवबागचें वाळूचें टोक पावसाळ्यागणिक कसें सरकतें हें त्यांच्याइतकें कोणास सांगतां येईल? आमच्या ज्या वाचकांचीं घरें त्या बाजूस आहेत, त्यांनीं मे महिन्यांत मुलांसह गांवीं गेल्यावर एक कोरी वही बरोबर न्यावी, बंदरावर म्हाताऱ्या तांडेलांशी बसावें, आणि दोराच्या दोन्ही टोकांचीं नांवें प्रथम विचारून घ्यावीं.