कॅरावॅन निघाली ढिवरांच्या गावाला

चाकांवरचे घर घेऊन एखाद्या छोट्या कोळीवाड्याशेजारी मुक्काम करायचा, पहाटे होड्या किनाऱ्याला लागताना पाहायच्या आणि ताज्या मासळीचे कालवण गाडीतच रांधायचे, ही कल्पना मराठी पर्यटकाला आता अपरिचित राहिलेली नाही. त्यासाठी डोळ्यांसमोर येते ते अर्थातच कोकण. मात्र समुद्राचा वाराही न लागणाऱ्या भंडारा जिल्ह्यात पाण्याकाठी वसलेली मासेमार गावे आहेत. येथे कोळ्यांच्या जागी ढिवर आहेत, होडीच्या जागी डोंगा आहे आणि किनारा आहे तो वैनगंगेचा व तलावांचा.

राज्य मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटन धोरणाला मंजुरी दिली. जेथे हॉटेले नाहीत वा पक्के बांधकाम करता येत नाही, अशा ठिकाणी पर्यटकाला राहता यावे, हा त्यामागील हेतू. धोरणाचे दोन भाग आहेत: प्रत्यक्ष वाहन आणि ते उभे करण्यासाठीचे कॅरावॅन पार्क. यातील दुसऱ्या भागाकडे हौशी प्रवाशांचे दुर्लक्ष होते. कॅरावॅनमध्ये स्वच्छ पाण्याची टाकी असते. शिवाय भांडी-आंघोळीचे सांडपाणी आणि शौचालयाचा मैला वेगवेगळा साठवावा लागतो. कुटुंब मोठे असेल तर दोन-तीन दिवसांतच हे सारे रिकामे करण्याची वेळ येते. हिरवळ किंवा दिव्यांची रोषणाई नव्हे, तर ही घाण योग्य ठिकाणी सोडण्याची सोय हीच पार्कची खरी उपयुक्तता होय. समुद्रात भरती-ओहोटी तरी असते. तलावात सांडलेले तलावातच राहते.

आणि हे तलाव केवळ देखावे नाहीत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हजारावर तलाव जिल्ह्यात आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे गेले आणि माजी मालगुजारी अर्थात ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्या पाण्यावर धान पिकतो, गुरे तहान भागवितात, ढिवर कुटुंबे शिंगाडा लावतात. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. पर्यटकाला मोकळे मैदान वाटणारी ती जागा कुणाचे तरी शेत असू शकते. तलावाची पाळ मातीची असते. छायाचित्र चांगले मिळते म्हणून तिच्यावर काही टन वजनाचे वाहन चढविणे म्हणजे गावाच्या सिंचनाशी खेळ करणे आहे.

मासळीचीही स्वतंत्र कथा आहे. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज बाहेरून आणून सोडले जाऊ लागले, त्याच काळात बेशरमसारख्या वनस्पतीने तलाव व्यापले आणि स्थानिक मासे घटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर महिला-पुरुषांना सोबत घेऊन बेशरम उपटली, तलावांत देशी पाणवनस्पती लावल्या आणि स्थानिक मासे पुन्हा वाढावेत यासाठी प्रयत्न केले. या परिसरात मरळ किंवा मागूर ताटात पडला, तर त्यामागे असे कष्ट असू शकतात.

नदीकाठचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. पवनी तालुक्यातील गोसेखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. धरणाच्या अथांग पाण्यावर आता पर्यटनाची भिस्त आहे: २०२४ मध्ये जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन झाले, त्याच वर्षी आंभोऱ्याचा पूलही खुला झाला. परंतु नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून आंभोऱ्याजवळ वैनगंगेत उतरते. भंडाऱ्याचे लोक वर्षानुवर्षे याविरुद्ध तक्रार करीत आहेत. नागपूरहून तासा-दीड तासात येथे पोहोचणाऱ्या पर्यटकापूर्वी त्याच्या शहराची घाण येऊन पोहोचलेली असते. नदीतील मासेमाराच्या दृष्टीने कॅरावॅनच्या टाकीचा प्रश्न त्यापुढे किरकोळच ठरावा.

तरीही जाऊ इच्छिणाऱ्यांनी पावसाळा ओसरल्यानंतरचा काळ निवडावा. पावसाच्या पहिल्या लोंढ्यांत मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात आणि कच्च्या रस्त्यांवर जड वाहन रुतण्याची शक्यता असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा सुखद असते, तलावांवर पक्षीही उतरतात. गाडी उभी करण्यापूर्वी ग्रामपंचायतीला आणि मच्छीमार संस्थेला विचारावे, गाडीतील टाक्या शहरातच रिकाम्या करून निघावे. मासळी घ्यायची तर ती जाळे पाण्याबाहेर येते तेथेच, ढिवर बाईकडून घ्यावी.