‘ओके’ लिहिण्याआधी

गॅसच्या स्टेशनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वर्षभर काहीच करत नाही. नेमक्या दिवशी तो चालेल, हे मग सांगायचं कुणी? आणि कशाच्या जोरावर?

खरं सांगा, जर्नलमधली सगळी रीडिंग तुम्ही स्वतः घेतली होती का?

सबमिशनच्या आदल्या रात्रीचं चित्र सगळीकडे सारखंच असतं. एकाची जर्नल, चौघांचे पेन. आधी ग्राफ काढायचा, मग त्या रेषेवर बसतील असे आकडे टेबलात भरायचे. एखादा आकडा मुद्दाम थोडा वाकडा टाकायचा, म्हणजे सरांना खरा वाटतो! ‘व्हई जाई, भो!’ म्हणायचं आणि पान उलटायचं. व्हायवा होते, मार्क मिळतात, कुणाचं काही बिघडत नाही.

पण हीच सवय घेऊन कुणी उद्या गॅसच्या प्रेशर स्टेशनवर कामाला लागलं तर?

हा प्रश्न आता आपल्यापासून फार लांबचा राहिलेला नाही. नरडाणा म्हटलं की मुंबई-आग्रा महामार्ग, सुरत-भुसावळ लाइनीवरचं स्टेशन आणि एमआयडीसी एवढंच आपल्याला आठवतं. पण २०१८ साली शहरी गॅस वितरणाच्या नवव्या फेरीत धुळे जिल्ह्याचंही नाव होतं. नाशिक आणि गुजरातेतला वलसाडचा भाग यांच्यासोबत धुळे जिल्ह्याचं काम महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे गेलं. पाइपचा गॅस जिथे जिथे जातो, घरात, सीएनजी पंपावर, कारखान्याच्या बॉयलरला, तिथे तिथे वाटेत दाब कमी करणारं एक स्टेशन लागतंच. आणि त्या स्टेशनवर तपासणीला जाणारी पोरंपोरी याच परिसरातल्या आयटीआय, पॉलिटेक्निक आणि इंजिनीअरिंग कॉलेजांतून येणार आहेत. म्हणजे तुमच्यातूनच.

कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह

आधी दाबाचा हिशोब बघू. मोटरसायकलच्या टायरमध्ये हवा असते साधारण २ बार. शहरी जाळ्याच्या स्टीलच्या मुख्य पाइपात गॅसचा दाब ४९ बारपर्यंत असू शकतो. गल्लीतून जाणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपात तो ४ बारपर्यंत उतरवतात. आणि शेगडीजवळ पोचेपर्यंत उरतो फक्त २१ मिलिबार. म्हणजे किती? २१ सेंटिमीटर उंच पाण्याच्या खांबाचा दाब. तुमच्या फूटपट्टीपेक्षाही कमी!

गल्लीतला दाब शेगडीच्या जवळजवळ १९० पट. तो चुकून थेट घरात शिरला, तर शेगडीची ज्योत कुठवर जाईल याचा विचार करा.

म्हणून स्टेशनवर एकामागे एक राखणदार बसवलेले असतात. पहिला ‘अॅक्टिव्ह रेग्युलेटर’. रोजचं काम याचं, दाब ठरलेल्या आकड्यावर ठेवायचा. त्याच्या जोडीला ‘मॉनिटर रेग्युलेटर’. पहिला बिघडला की हा सूत्रं हातात घेतो. कुठे बारीक गळतीमुळे दाब हळूहळू चढत असेल, तर ‘क्रीप रिलीफ व्हॉल्व्ह’ तेवढाच थोडा गॅस बाहेर सोडतो. आणि हे सगळे हरले तर शेवटचा भिडू असतो ‘स्लॅम शट व्हॉल्व्ह’. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो खाडकन पाइपच बंद करतो. एकदा बंद झाला की आपणहून उघडत नाही. माणसाने तिथे जायचं, काय बिघडलं ते शोधायचं आणि हाताने तो पुन्हा चढवायचा.

घरातला कुकर आठवा. शिट्टी रोज वाजते. ती अडकली तर आईला लगेच कळतं. पण बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह? तो उडालेला तुम्ही कधी पाहिलाय? बहुतेकांनी नाही. तो चांगला आहे म्हणून गप्प आहे, की अडकलाय म्हणून गप्प आहे, हे बाहेरून कळत नाही. स्लॅम शटची गत तीच. आतला रबरी पडदा कडक झालेला असू शकतो, स्प्रिंग सैल पडलेली असू शकते, पाइपातली धूळ बैठकीवर साचलेली असू शकते. वरून मात्र रंग चकचकीत.

याला उपाय एकच. ठरावीक काळाने तो मुद्दाम चालवून बघायचा.

काटा, डोळा आणि पेन

चाचणी कशी होते? स्टेशनवर सहसा दोन लाइनी असतात. एक काम करते, दुसरी तयारीत. ज्या लाइनची तपासणी करायची ती बाजूला काढतात आणि पुरवठा दुसरीवर घेतात. मग स्लॅम शटला दाब कळवणाऱ्या बारीक नळीत, म्हणजे सेन्सिंग लाइनमध्ये, दाब हळूहळू वाढवत नेतात. कुठल्या आकड्याला व्हॉल्व्ह पडला ते लिहायचं. पुन्हा चढवायचा, पुन्हा बघायचं. मग बंद व्हॉल्व्हमधून गॅस झिरपतो का ते काही मिनिटं थांबून तपासायचं. रेग्युलेटरचंही तसंच. गॅस घेणारं कुणी नसताना तो पूर्ण मिटतो का, आणि मिटल्यावर दाब कुठे स्थिरावतो?

जुन्या पद्धतीत हे सगळं गोल डायलच्या गेजवर बघतात. इथे जरा वही काढा.

समजा, स्लॅम शट ४.६ बारला पडायला हवा आणि अडीच टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे सूट झाली साधारण ०.११५ बार. आता गेज आहे ० ते १० बारचा आणि त्याचा वर्ग १.६. याचा अर्थ पूर्ण मापाच्या १.६ टक्के, म्हणजे ०.१६ बारपर्यंत तो स्वतःच चुकू शकतो. ज्याची परीक्षा घ्यायची त्याला सूट ०.११५ ची आणि परीक्षकाची चूक ०.१६ ची! त्यात व्हॉल्व्ह पडतो क्षणार्धात. त्या क्षणी काटा कुठे होता, हे डोळ्याने टिपायचं. पॅरॅलॅक्स एरर तर तुम्हाला अकरावीपासून पाठ आहे.

आणि सगळ्यात मोठी चूक गेजच्या काट्यात नसते, ती पेनाच्या टोकात असते. मे महिना, दुपारचे दोन, खानदेशातलं ऊन. मागच्या वेळी लिहिलेलं असतं ४.६. आत्ताही तेवढंच असणार. ४.६, ओके, सही.

यंत्राने लिहिलेली जर्नल

डिजिटल चाचणीत काट्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रेशर सेन्सर येतो. ०.१ टक्के अचूकतेचा सेन्सर घेतला तर १० बारच्या मापावर चूक राहते ०.०१ बार. वरच्या गेजच्या सोळाव्या हिश्श्याएवढी. तो एका सेकंदात अनेकदा दाब टिपतो, त्यामुळे व्हॉल्व्ह पडला त्या क्षणाचा दाब डोळ्यावर अवलंबून राहत नाही. चाचणीची तारीख, वेळ, उपकरणाचा नंबर आणि दाबाचा सगळा आलेख साठवला जातो. काही यंत्रं तर दाबही स्वतःच ठरलेल्या वेगाने चढवतात. हात घाईत असला तरी दाब घाई करत नाही.

खरा फायदा कळतो तीन-चार वर्षांनी. समजा, एक व्हॉल्व्ह पहिल्या वर्षी ४.६० ला पडला, दुसऱ्या वर्षी ४.६४ ला, तिसऱ्या वर्षी ४.७० ला. तिन्ही वेळा तो पासच आहे. रजिस्टरमध्ये तीन वेळा ‘ओके’ दिसेल. पण आकडे ओळीने बघितले की कळतं, हा भिडू हळूहळू सुस्त होतोय. पुढच्या वर्षी नापास होणार, तेव्हा आत्ताच उघडा. ‘ओके’मध्ये ही गोष्ट लपते, आकड्यात दिसते.

अर्थात सेन्सरवर तरी डोळे झाकून विश्वास का ठेवायचा? त्याचंही कॅलिब्रेशन करावं लागतं, त्याहून अचूक उपकरणाशी ताडून. मोजणाऱ्यालाही मोजावं लागतं.

१३ सप्टेंबर २०१८, दुपारचे चार

मग डिजिटल यंत्र आणलं की काम संपलं? नाही. त्यासाठी अमेरिकेतली एक घटना माहीत हवी. साल तेच, २०१८.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स शहरात गॅस कंपनीचं काम चालू होतं. जुना बिडाचा पाइप बाद करून प्लास्टिकचा टाकत होते. नव्या पाइपात गॅस सुरू झाला, जुना बंद केला. पण रेग्युलेटरला दाब कळवणाऱ्या सेन्सिंग लाइनी जुन्याच पाइपाला जोडलेल्या राहिल्या. त्या बंद पाइपातला दाब उतरू लागला. रेग्युलेटरला वाटलं, गावातला गॅस कमी पडतोय. तो उघडत गेला, अजून उघडत गेला. ज्या जाळ्यात साधारण ३५ मिलिबार दाब असायचा, त्यात सुमारे ५ बारच्या लाइनीतला गॅस घुसला.

मैलोन् मैल दूर ओहायोतल्या कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला. पण तिथून व्हॉल्व्ह बंद करायची सोयच नव्हती. लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर या तीन गावांत घराघरांत आगी लागल्या, स्फोट झाले. १३१ इमारतींचं नुकसान झालं, वीसहून जास्त माणसं जखमी झाली. एक मुलगा गेला. वय १८. एका घराबाहेर तो गाडीत बसला होता, स्फोटाने उडालेली चिमणी गाडीवर कोसळली. त्याच दिवशी त्याला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं होतं.

आता नीट बघा. त्या दिवशी रेग्युलेटर बिघडलेला नव्हताच. त्याला जे सांगितलं गेलं तसं तो वागला. त्याच्या जोडीचा मॉनिटरही त्याच मेलेल्या पाइपाकडून दाब विचारत होता. दोन राखणदार, पण दोघांनाही खबर देणारा एकच, आणि तोच चुकीचा. त्या सकाळी सगळ्यात महागड्या यंत्राने चाचणी केली असती, तरी दोघेही पास झाले असते. चूक होती कामाच्या कागदांत. सेन्सिंग लाइनी आधी नव्या पाइपावर हलवा, हे त्यात लिहिलेलंच नव्हतं. तपास यंत्रणेनेही नंतर बोट ठेवलं ते याच नियोजनावर. पुढे कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

व्हॉल्व्ह कितीला पडतो, हे यंत्र सांगेल. तो कुठल्या पाइपाकडे बघतोय, हे नकाशा हातात घेऊन माणसालाच शोधावं लागतं.

मग आपलं काय?

आपल्याकडे नियम आहेत. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने शहरी गॅस जाळ्यांसाठी तांत्रिक आणि सुरक्षा मानकांची नियमावली २००८ मध्येच काढली. पण नियम कागदावर असतो. तो स्टेशनवर नेणारा माणूस असतो बावीस-तेवीस वर्षांचा, हातात बॅग, पाठीमागे पुढच्या साइटची घाई.

निष्काळजीपणाची किंमत आपल्या भागाला नवी नाही. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, दहाहून जास्त जीव गेले. तो गॅसच्या पाइपचा प्रकार नव्हता, कारणं वेगळी होती. पण त्या दिवसानंतर ‘सेफ्टी’ हा शब्द इथल्या घरांना पुस्तकातला वाटत नाही.

म्हणून सुरुवात जर्नलपासून करा, दोस्तांनो. रीडिंग चुकलं तर चुकलेलंच लिहा. ‘आलं नाही’ असं लिहायला लाज वाटू देऊ नका. लॅबमध्ये मार्क जाईल एखादा. पण न मोजलेला आकडा लिहायचा नाही, ही सवय हाताला लागली की ती स्टेशनच्या गेटपर्यंत तुमच्यासोबत येईल. तिथे कुणी बघत नसतं. आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी चहा ठेवत असतं.

या कामात यायचंय?

* आयटीआयचा ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा ट्रेड, किंवा इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल, केमिकलचा डिप्लोमा-डिग्री असा रस्ता आहे.
* प्रेशर सेन्सर, कॅलिब्रेशन, एररची गणितं हे ‘स्कोअरिंग’ म्हणून सोडून देऊ नका. रोजचं काम तेच आहे.
* पाइपिंगचा नकाशा वाचायला शिका. कुठली नळी कुठून निघते आणि कुठे जाते, ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.
* अॅप्रेंटिसशिपला गेलात तर साहेबांना एक प्रश्न जरूर विचारा : ‘सर, याची सेन्सिंग लाइन कुठे जोडलीय?’