दोरावरचा पहारेकरी

ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागला की बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी पूर्वी शेताच्या मध्यभागी चार खांबांचे मचाण उभारीत असत. हाती गोफण घेऊन राखणदार त्यावर बसे. जमिनीवर उभे राहिले असता पुढचे दाट पीकच दृष्टी अडवी. मचाणावर चढताच शेताचा कोपरान् कोपरा त्याला दिसे. मुलांनो, उंचावरून दूरचे दिसते ही साधी गोष्ट आहे; परंतु सैन्याच्या पहाऱ्याचे सारे शास्त्र तिच्यावरच उभारलेले आहे.

बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाटाच्या माथ्यावर क्षणभर थांबा. पायथ्याचा सखल प्रदेश दूरवर पसरलेला दिसेल. आपली पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट मैदानावर उभ्या असलेल्या मुलाला क्षितिज जेमतेम चार-साडेचार किलोमीटरांवर असते. तोच मुलगा शंभर मीटर उंच गेला, तर त्याचे क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरांवर सरकेल आणि एक हजार मीटर उंचीवरून ते सुमारे ११३ किलोमीटर दूर जाईल. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी गड बांधण्यासाठी डोंगरांचे माथे निवडले. पण जेथे डोंगरच नाही, तेथे काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे दोराने बांधलेला फुगा.

इ. स. १७८३ मध्ये फ्रान्समध्ये माणूस प्रथम फुग्यातून आकाशात गेला. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, २६ जून १७९४ रोजी, फ्लरूसच्या रणांगणावर फ्रेंच सैन्याने हायड्रोजन वायूने भरलेला फुगा दोरांनी बांधून वर चढविला. त्याच्या टोपलीत बसून कुतेल नावाचा अधिकारी कित्येक तास शत्रूच्या हालचाली न्याहाळीत होता. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा १८६१ मध्ये थॅडियस लो याने फुग्यात तारायंत्र नेले आणि सुमारे दीडशे मीटर उंचीवरून राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना संदेश पाठविला. उंचावरून पाहिलेले तत्काळ खाली कळविता येऊ लागले, तेव्हाच हा पहारा खऱ्या अर्थाने उपयोगी झाला.

पहिल्या महायुद्धात असे लांबट फुगे आघाडीच्या मागे रांगेने उभे असत. टोपलीतील निरीक्षक दुर्बिणीतून पाही व आपला तोफगोळा कोठे पडला हे दूरध्वनीने तोफखान्याला सांगे. परंतु ज्याला सर्व दिसते, तो सर्वांनाही दिसतो. हायड्रोजन हा अत्यंत ज्वालाग्राही वायू आहे. शत्रूची विमाने आग लावणाऱ्या गोळ्या झाडीत व पाहता पाहता फुगा पेट घेई. अशा वेळी हवाई छत्रीच्या आधाराने उडी टाकणे एवढाच मार्ग निरीक्षकापुढे उरे. स्वतःजवळ लढण्याचे साधन फारसे नसताना, केवळ सहकाऱ्यांचे डोळे होऊन तासन् तास अधांतरी बसणे, यासाठी फार मोठे धैर्य लागते.

लांबट फुग्याला एंजिन, पंखे व सुकाणू जोडले, की त्याची वायुनौका होते. तिला दोराचे बंधन नसते. ती हव्या त्या दिशेने जाऊ शकते. एकेकाळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत इंग्रजांनी आर १०१ या प्रचंड वायुनौकेसाठी अवाढव्य छप्पर बांधले होते. परंतु ५ ऑक्टोबर १९३० रोजी भारताकडे येताना ती फ्रान्समध्ये कोसळली आणि ४८ जणांना प्राण गमवावे लागले. पुढे १९३७ मध्ये जर्मनीची हिंडेनबर्ग ही वायुनौका जळाली. तेव्हापासून प्रवासी वायुनौकांवरचा लोकांचा विश्वास उडाला.

मग आजच्या रडार आणि विमानांच्या युगात फुग्याचे काय काम? रडारच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. जमिनीलगत उडत येणारे शत्रूचे विमान क्षितिजाआड असेपर्यंत जमिनीवरील रडारला ते दिसत नाही. तेच रडार उंच नेले, तर ते पुष्कळ आधी दिसते. विमानाला आकाशात राहण्यासाठी सतत इंधन जाळावे लागते. फुगा मात्र वायूच्या हलकेपणामुळे तरंगतो व दिवसेंदिवस एका जागी राहू शकतो. आता त्यात न पेटणारा हेलियम भरतात. एक घनमीटर हेलियम साधारणपणे एक किलोग्रॅम वजन उचलतो. या हिशेबात फुग्याचे कापड, दोर आणि उपकरणे या सर्वांचेच वजन धरावे लागते; म्हणून फुगा मोठा असावा लागतो. त्याला बांधणारा दोरही विशेष असतो. फुग्याला धरून ठेवणे, वर वीज पोहोचविणे आणि वरील चित्रे खाली आणणे ही तिन्ही कामे तो करतो.

भारताच्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या आग्रा येथील प्रयोगशाळेने ‘आकाशदीप’ नावाचा असा फुगा तयार करून २०१० मध्ये त्याची चाचणी घेतली. तो सुमारे एक किलोमीटर उंचीवरून टेहळणी करण्यासाठी बनविलेला आहे. पुढे ३ मे २०२५ रोजी मध्य प्रदेशातील श्योपूर येथून याच संघटनेने एक वायुनौका सोडली. ती सुमारे १७ किलोमीटर उंचीपर्यंत उपकरणे घेऊन गेली व ६२ मिनिटे आकाशात राहिली.

तथापि या पहारेकऱ्याची काळजी डोळ्यांत तेल घालून घ्यावी लागते. वादळाची चाहूल लागताच फुगा खाली ओढून घ्यावा लागतो. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात रडार वाहणारा एक फुगा बंधन तोडून निसटला. त्याचा लोंबता दोर विजेच्या तारांवर आदळत गेला आणि हजारो घरे अंधारात बुडाली. ज्या लोकांच्या रक्षणासाठी तो उभारला होता, त्यांनाच त्याचा उपद्रव झाला!

मुलांनो, या घटनेत एक अर्थ दडलेला आहे. मचाणावरील राखणदाराला आपल्या शेताबरोबर शेजाऱ्याचे अंगणही दिसते. ते दिसते म्हणून तेथे डोकावीत बसणारा राखणदार गावाला आवडेल काय? त्याने पाखरांवर नजर ठेवावी, हीच गावाची अपेक्षा असते. उंच जागी बसलेल्याला पुष्कळ दिसते. म्हणून कशाकडे पाहावे आणि कशाकडे पाहू नये, याचे बंधन त्याने अधिक पाळले पाहिजे. फुग्याला एक दोर पोलादासारखा बळकट असावा लागतो. दुसरा दोर कर्तव्याचा असतो. हे दोन्ही दोर शाबूत असतील, तरच पहारेकऱ्याच्या भरवशावर लोक रात्री निर्धास्त झोपू शकतात.