१४ किलोंवरून पाऊण किलोवर

इंग्लंडमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात गव्हाची कापणी उरकली, की पुढच्या पेरणीपर्यंत शेतं काही आठवडे मोकळी असतात. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींचा खरा हंगाम तो. शेतमालकाची परवानगी काढायची, हेडफोन लावायचा आणि दांड्याच्या टोकाची थाळीएवढी कॉइल जमिनीलगत डावी-उजवीकडे झुलवत तासन्‌तास चालायचं. आवाज आला की थांबायचं, काटकोनात वळून कॉइल पुन्हा फिरवायची. दोन्ही दिशांनी आवाज सारखा आला, तरच फावडं मारायचं. हाती बहुधा बंदुकीची शिशाची गोळी येते, काडतुसाची पितळी टोपी येते, नाहीतर शीतपेयाच्या डब्याची कडी. खड्डा बुजवायचा आणि पुढे चालू लागायचं.

या छंदात निवृत्त माणसं भरपूर, आणि संध्याकाळी त्यांचा दुखतो तो खांदा. त्यामुळे नव्या यंत्राबद्दलची पहिली मागणी असते वजन कमी करण्याची. दुसरी, आणखी खोलवरचं कळावं. तिसरी, खणण्याआधीच खाली काय आहे ते समजावं. यातली पहिली जवळजवळ पुरी झाली आहे, दुसरी फारशी पुरी होणार नाही आणि तिसरीचं घोडं मध्येच अडलं आहे.

या यंत्राची सुरुवात मात्र खजिन्यासाठी झालेली नाही. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने एक उपकरण जुळवलं. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला, शिवाय डॉक्टरांनी गोळी जिथे आहे असं ठरवून टाकलं होतं, तेवढाच भाग त्याला तपासू दिला. गोळी सापडली नाही आणि अध्यक्षही वाचले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमध्ये असलेल्या युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंगशोधक यंत्र तयार केलं. १९४२ मध्ये एल अलामीनच्या लढाईत अशी ५०० यंत्रं वापरली गेली. एकेकाचं वजन १४ किलोंच्या आसपास! सैनिक ते पाठीवर आणि हातात वागवत सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढत.

युद्धानंतर यंत्रातल्या व्हॅक्यूम ट्यूब गेल्या आणि ट्रान्झिस्टर आले. वजन घटवण्यात मोठी उडी घेतली ती २००९ मध्ये, तुलूझच्या ‘एक्सपी’ या फ्रेंच कंपनीच्या ‘डेउस’ने. कॉइल, हेडफोन आणि नियंत्रणपेटी यांच्यातली वायरच तिने काढून टाकली. कॉइलमध्ये स्वतःची छोटी बॅटरी बसवली आणि माहिती रेडिओलहरींवरून पाठवली. सगळं मिळून वजन एक किलोच्या आत. २०२१ च्या ‘डेउस २’चं तर ७५० ग्रॅम, आणि तो २० मीटर पाण्याखालीही चालतो. पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत, म्हणून तिथे मात्र एक तार जोडावीच लागते.

जाहिरातीतला आकडा फसवा असतो, हे इथे सांगितलं पाहिजे. हाताला एकूण वजनापेक्षा ते कुठे आहे हे जास्त जाणवतं. कोपरामागे बॅटरी असलेलं दीड किलोचं यंत्र तोल साधून दिवसभर झुलवता येतं. टोकाला जड कॉइल असलेल्या सव्वा किलोच्या यंत्राने तासाभरात मनगट धरतं. कार्बन फायबरच्या दांड्यांना मागणी आहे ती यामुळेच. आणि खोलीसाठी मोठी कॉइल लावली, की वजन पुन्हा नेमकं टोकालाच वाढतं.

खोलीचं दुखणं इलेक्ट्रॉनिक्सचं नाही, भौतिकशास्त्राचं आहे. कॉइल चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे जमिनीतल्या धातूत क्षीण प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचं क्षेत्र उलट कॉइलकडे येतं. जाताना हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात ओसरतं आणि येतानाही तसंच. म्हणजे नाणं दुप्पट खोल गेलं, की परत येणारा संकेत ढोबळमानाने ६४ पटींनी मंदावतो. यंत्राची ताकद दुप्पट केली तर खोली वाढते जेमतेम १२ टक्के, म्हणजे २५ सेंटिमीटरचे झाले २८. ‘दुप्पट खोलीचं यंत्र’ असं कुणी विकत असेल, तर त्याला हा हिशेब विचारावा.

तिसऱ्या मागणीत मात्र अजून जीव आहे. वेगवेगळ्या धातूंचा प्रतिसाद वेगवेगळ्या उशिराने येतो. त्या फरकावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं, आणि सरावलेले कान तर आवाजावरूनच चांदी ओळखतात. अडचण अशी, की यंत्राला कळते ती वाहकता आणि आकार. वस्तू कळत नाही. सोन्याची पातळ अंगठी आणि डब्याची अॅल्युमिनियमची कडी यांचा आकडा बऱ्याचदा एकच येतो. कड्या नकोत म्हणून यंत्राला गप्प बसवलं, की अंगठ्याही गप्प. दुसरी डोकेदुखी गंजलेल्या खिळ्यांची. जुन्या वस्तीच्या जागी खिळ्यांचा सडा असतो आणि नाण्याशेजारचा एक खिळा नाण्याचा आवाज गिळून टाकतो. म्हणून आता यंत्रं एका संकेतातून दुसऱ्यासाठी किती झटकन मोकळी होतात, यावर स्पर्धा चालते. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या ‘मिनलॅब’ने २०१८ च्या ‘इक्विनॉक्स’मध्ये अनेक वारंवारता एकाच वेळी वापरणारं तंत्र सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आणलं. मोठ्या चांदीसाठी कमी वारंवारता बरी, बारीक सोन्यासाठी जास्त. दोन्ही एकदम असल्या, तर समुद्रकाठच्या खारट ओल्या वाळूतही यंत्र उगाच बडबडत नाही.

जमिनीतल्या खनिजांचाही त्रास असतोच. आपला दख्खनचा काळा पाषाण लोहचुंबकी खनिजांनी भरलेला असतो, त्यामुळे सह्याद्रीत डिटेक्टरला जमीनच मोठ्याने ऐकू येते. ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीतले सोनेशोधे यावर पल्स इंडक्शन किंवा तिच्यासारख्या पद्धतीची यंत्रं वापरतात. ती खनिजांना दाद देत नाहीत, पण जड असतात. मिनलॅबचं २०१५ चं ‘जीपीझेड ७०००’ तीन किलोंच्या वर होतं आणि खांद्याच्या पट्ट्याशिवाय चालवणं कठीण. २०२१ चं ‘जीपीएक्स ६०००’ दोन किलोंच्या थोडं वर आलं, तेव्हा तिकडे सुटकेचा निःश्वास टाकला गेला.

इतकी हौस पुरवून मोठे शोध नव्या यंत्रांनी लागले का? २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या शेतात टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन सोन्याचा आजवरचा सर्वांत मोठा ठेवा सापडला. त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली. यंत्र होतं १४ वर्षं जुनं, आणि वस्तू नांगरटीच्या मातीतच विखुरलेल्या. पुरातत्त्वज्ञांना जास्त खोलीच्या यंत्राचा धसका वाटतो तो याचमुळे. नांगराने आधीच उलथलेल्या थरातून वस्तू काढली तर नुकसान थोडं. त्याखालचा शाबूत थर उकरला, तर ती वस्तू तिथे कशी आली याचा पुरावाच जातो. माझं मत त्यांच्या बाजूला झुकतं.

१९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि रोमन सोन्या-चांदीवर पोहोचले. थोडं बाहेर काढून ते थांबले आणि त्यांनी खबर दिली. म्हणूनच लाकडी पेटी, तिच्या आतल्या लहान डब्या, गवत आणि कापडाचे अवशेष हे सगळं तज्ज्ञांना जागच्या जागी नोंदवता आलं. सुमारे १५ हजार नाणी निघाली. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९९६ च्या ट्रेझर अॅक्टने अशा शोधाची खबर १४ दिवसांत देणं बंधनकारक केलं. त्यामागोमाग सुरू झालेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये हौशी मंडळींनी दाखवलेल्या १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे.

गंमत अशी, की सापडल्या जागेची नोंद ठेवणारं जीपीएस मिनलॅबच्या ‘सीटीएक्स ३०३०’मध्ये २०१२ पासून होतं. पण ते यंत्र सव्वादोन किलोंच्या वर होतं. लोक हलक्या यंत्रांकडे वळले आणि त्यांतल्या बहुतेकांत जीपीएस आलंच नाही. हौशी मंडळींनी पुढची मागणी करायची तर हीच करावी. पाऊण किलोत आता ते बसायला हरकत नाही.

आपल्याकडे हा छंद म्हणून रुजलेला नाही, उन्माद म्हणून अधूनमधून उसळतो. मार्च २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट पाहून, मुघलांचा खजिना मिळेल या आशेने, बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोकांनी रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरली. महाराष्ट्रात गडांवर यंत्र नेण्याचा मोह कुणाला होत असेल, तर दोन कायदे ठाऊक असावेत. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्याशिवाय खोदकाम करणं गुन्हा आहे. आणि १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नांगराला नाणी लागली, तर ती घासू नका, धुऊ नका, जागेवर खूण करा आणि तहसील कचेरी गाठा.