ऊन पाण्याचे झरे

भंडारा जिल्ह्यांतील आसगांवीं पौषाच्या पहाटे विहिरीचें पाणी हातास कोमट लागतें. वैशाखांत तेंच गार वाटतें. वस्तुतः पाण्यांत फारसा फरक झालेला नसतो; बदललेली असते ती बाहेरची हवा. जमिनीखालीं कांहीं पुरुष खोल गेलें कीं ऋतूंचा अंमल संपतो. मात्र त्याहून पुष्कळ खोल उतरल्यास उष्णता खरोखरच वाढूं लागते. सामान्यतः दर किलोमीटरास २५ ते ३० अंश सेल्सिअस. ऊन पाण्याच्या झऱ्यांचें मर्म याच गोष्टींत आहे.

वज्रेश्वरी, गणेशपुरी, राजवाडी, तुरळ, उन्हवरे हे झरे सह्याद्रि आणि समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टींत दक्षिणोत्तर पसरले आहेत. त्यांच्या तळाशीं ज्वालामुखी धुमसत असावा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. ज्या लाव्ह्यापासून दख्खनचा काळा पाषाण झाला, तो सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींचा. त्याची धग केव्हांच निवाली आहे. झऱ्यांच्या पाण्याचें परीक्षण केल्यावर तें मुख्यतः पावसाचेंच असल्याचें दिसून आलें आहे.

उंचावर पडलेला पाऊस खडकांच्या भेगांतून खोल मुरतो आणि तेथें तापतो. तापलेलें पाणी हलकें होतें. शिवाय मागून उतरणाऱ्या थंड पाण्याचा दाब त्यास वर रेटतो. मोकळी भेग सांपडली कीं तें निवण्यापूर्वींच दरींत किंवा नदीकांठीं प्रगट होतें. कोंकणांतील सर्वांत कढत झरा सुमारें ७० अंशांचा आहे. एवढ्या उष्णतेसाठीं पाणी निदान दीड किलोमीटर खोल गेलें असलें पाहिजे. वाटेंतील निवणें जमेस धरल्यास त्याहूनही अधिक.

म्हणूनच ही वाट नाजूक आहे. न्यूझीलंडमधील रोटोरुआ येथील उष्णता ज्वालामुखीची खरी, परंतु पाण्याच्या दाबाचा न्याय तेथेंही हाच. गांवांत कूपनलिका वाढल्या, आणि नैसर्गिक झरे व कारंजीं मंदावलीं. १९८६ सालीं सरकारनें पोहुतू कारंजाच्या दीड किलोमीटर परिसरांतील कूपनलिका बंद करण्याचा हुकूम काढला. त्यानंतर कांहीं झरे पुन्हां वाहूं लागले.

आपल्याकडे कुंडास देवाचें मानून त्याचें पावित्र्य राखण्याची चाल आहे, ती उत्तमच. परंतु कुंडाचे चिरे म्हणजे झरा नव्हे. त्यास पाणी पुरविणारा डोंगर आणि भोंवतालची जमीन हींही त्याचींच अंगें होत. कुंडाशेजारीं खोल कूपनलिका घेण्यापूर्वीं गांवकऱ्यांनीं याचा विचार अवश्य करावा.